एका डब्यात चार सर्व्हर

२००७ सालची गोष्ट. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी आमच्या तंजावूरच्या ऑफिसात सगळ्या मशिनांना कुंकू लावायचं काम हिशेब बघणाऱ्या कामाक्षी अक्कांचं. नवे चार सर्व्हर आलेत, असं भरद्वाज सरांनी त्यांना सांगितलेलं. अक्का खोलीत आल्या, तर डबा एकच.

"बाकीचे तीन कुठं रे?"

"आतच आहेत अक्का," मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालो. "एका खऱ्या मशिनाच्या पोटात चार खोटी."

"सरी, बरं," म्हणून अक्का कामाला लागल्या.

माझं लक्षच नव्हतं. तिघांना नेटवर्क मिळालेलं, चौथं रुसलेलं. आणि जेवायच्या आत चारही चालली तरच सर मला पर्मनंट करणार होते. शेवटी सापडलं! चौथ्याचं नेटवर्क कार्ड मीच 'होस्ट-ओन्ली' ठेवलेलं, म्हणजे आतल्या आत बोला, बाहेर नाही. ते 'ब्रिज्ड' केलं आणि ओरडलो, "चाललं!"

सर धावत आले.

"चालणारच," अक्का बोट पुसत म्हणाल्या. "मघाशी कुंकू संपलं म्हणून तीनच टिळे लावलेले. चौथा आत्ता लावला."



मी पर्मनंट झालो, पण नेटवर्क गेलं की सर अजूनही आधी अक्कांनाच बोलावतात. खरं सांगू? मीसुद्धा.