तुम्ही आधीच आत आहात

सकाळपासून मृदुला खांबेटेचं ऑफिसचं सॉफ्टवेअर उघडत नव्हतं. तिने ते बंद करून पुन्हा चालू केलं, पासवर्ड बदलला, राउटरची वायर काढून परत खोचली. दर वेळी पडद्यावर तेच उत्तर येई, 'तुम्ही आधीच आत आहात.'

आत तिची बदली बसली होती. कंटाळवाण्या मीटिंगांना आपल्याऐवजी बसवायला ऑफिसातल्या बहुतेकांनी स्वतःची अशी संगणकातली हुबेहूब बोलती नक्कल करून घेतली होती. "साहेबांशी वाद घालायचा नाही," हे मृदुलाने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

वैतागून ती शेजारच्या टेबलावरच्या इनामदारांच्या स्क्रीनमध्ये डोकावली. मीटिंग ऐन रंगात होती.

"मृदुलाताई, उद्यापासून तुमचं काम तुमची बदलीच बघेल," साहेब म्हणत होते. "तुम्ही आता घरी आराम करा. चालेल ना?"

"इनामदार, माझं बोलणं त्यांना ऐकू जाऊ द्या! माइक चालू करा!"

बारा वर्षं तिच्या डब्यातलं खाणाऱ्या इनामदारांनी मान खाली घातली. माइक बंदच राहिला.

पडद्यावरच्या मृदुलाने चष्मा वर सरकवला आणि ती गोड हसली.

"माझी काहीच हरकत नाही, साहेब."