मामंजींचं सिनेपरीक्षण

“तुमच्या मामंजींनी समोरासमोर मला वळखलं न्हाई,” असं शेजारच्या शालूबाई मध्यंतरी सांगत होत्या. शालूबाईंना ओळख न दाखवणं हे मी शहाणपणाचं लक्षण समजले आणि विषय सोडून दिला.

माझे सासरे फौजेतले निवृत्त सुभेदार. वर्षभर साताऱ्यात लागेल त्या सिनेमाला नावं ठेवतायत. “सगळा अंधार. हिरो कुठला, व्हिलन कुठला, काय कळत न्हाई.” त्यांना थिएटरला जाताना मात्र घरात कुणी पाहिलेलं नाही. म्हणून मी घरच्या ग्रुपवर टाकलं, ‘आमच्या मामंजींना सिनेमा पाडायला तिकीट लागत नाही.’ नणंदेपासून चुलत दिरापर्यंत सगळे हसले.

सकाळी मामंजींनी फोन माझ्यापुढे धरला. “क्रांती, काय लिवलंयस ते वाचून दाखव. अन् ह्यात हसायचं काय, ते पण सांग.”

वाचून दाखवलं. मग शिकलेल्या सुनेला शोभेल अशा धीराने विनोदही समजावला, की काही लोक सिनेमा न बघताच त्याला नावं ठेवतात, त्यांच्यावर आहे हा.

“न बघता कसं? कालच जाऊन आलो की. इंटरवलनंतर पार पहिल्या रांगंत जाऊन बसलो, तरी अंधारच.”

एवढं बोलून त्यांनी रोजच्यासारखी स्कूटरची किल्ली उचलली आणि माझ्या लेकीला हाक मारली, “चल संयू, शाळंला उशीर व्हतोय.”



शालूबाईंचं बोलणं मला तेव्हा कुठे कळलं. किल्ली आता माझ्याकडे आहे. तुमच्या पोरांना शाळेत कोण सोडतं? त्यांना आज सहज विचारून बघा, नवा सिनेमा कसा वाटला.