तोंडी परीक्षेची तयारी

शिक्षणशास्त्राच्या पीएच.डी.च्या पात्रता परीक्षेत ताई एकदा नापास झाली होती. ही शेवटची संधी होती. शाळेत शिकवून आली की ती उत्तरं मोठ्यानं म्हणायची आणि फोनवर रेकॉर्ड करायची.

एका दुपारी मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. ताई जिथे अडखळली होती, तिथे एक बाई हलकेच पुढचा शब्द सांगत होती.

"ही कोण गं?"

"मी एकटीच होते," ताई म्हणाली.  तिनं सगळं रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला ती अडली.

समोरच्या प्राध्यापकांनी मान वर केली. "तुमच्या मागे ज्या बाई उभ्या आहेत, त्यांना बाहेर पाठवा. मागून सांगितलेलं इथे चालत नाही."

ताईची खुर्ची भिंतीला टेकलेली होती.