फाटकाबाहेर मान

गाय फाटकाच्या आत होती, पण तिची मान बाहेर होती. मान बाहेर आली म्हणजे जनावर बाहेर आलं का, यावर पहारेकरी आणि गायींची मालकीण आत्या सकाळपासून हुज्जत घालत होते. पहारेकरी म्हणे, जनावर तोंडाकडून मोजतात. आत्या म्हणे, दूध निघतं ते टोक आतच आहे.

शेवटी पशुनिरीक्षक साहेबांना बोलावणं गेलं. साहेब म्हणजे आत्याचा सख्खा भाचा, तिनेच लहानाचा मोठा केलेला. पण पहारेकरी वरच्या कार्यालयाचा माणूस, कान टवकारून उभा. त्यामुळे साहेबांनी ओळखसुद्धा दाखवली नाही.

"बाई, मान आत घ्या," ते म्हणाले. कोणाची, ते सांगितलं नाही.

बंदी योग्यच होती, हे आधी सांगून टाकलेलं बरं. शेजारच्या बॅटरीच्या कारखान्यातलं शिसं ओढ्यात उतरलं, ओढ्यातून गवतात आणि गवतातून दुधात. ते कोणाच्या लेकराच्या पोटात जायला नको. म्हणून हुकूम निघाला, की गाय, दूध, शेणाची पाटी, काही म्हणजे काही कुरणाबाहेर जाणार नाही. आत्या रोज दूध काढून खड्ड्यात ओतायची आणि त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. पण विष होतं कुरणात, आणि गायी डांबल्या होत्या त्याच कुरणात. जनावरांच्या डॉक्टरांनी वर कळवलं, यांना इथून काढा, चांगलं चारापाणी द्या, हळूहळू बऱ्या होतील. वरून उत्तर आलं, बऱ्या झाल्या की काढू.

मग चांगल्या चाऱ्याची एक गाडी आत नेली, तर आत गेली म्हणून गाडीच दूषित ठरली. ती अजून आतच आहे. गाडीवाला तेवढा सुटला, तोही चपला तिथेच सोडून.

आता ही आत्या म्हणजे कोणाच्या बापाला न जुमानणारी बाई. डॉक्टरने गोड बंद कर म्हटलं, तर तिने डॉक्टर बंद केला होता. आज ना उद्या ती फाटक तोडणार, अशी आजूबाजूच्यांची खात्री होती. पण ती दातओठ खात गप्प राहिली. मोठ्या मुश्किलीने पोराला नोकरी लागलेली. घरच्याच माणसाने बंदी मोडली तर त्याची नाचक्की होईल, एवढ्या एका विचाराने तिने हात बांधून घेतले होते. आणि भाचा? तो रोज यायचा, गायी बाहेर दिसल्या तर जप्त करून नेईन असा दम भरायचा आणि चालू लागायचा. साहेब झाला आणि पोरगं दगड झालं, असं तिला वाटायचं. फार लागलं होतं ते तिच्या मनाला.

मानेचा निकाल देऊन साहेब वळले, तेवढ्यात लहान कालवड चालत चालत थेट कुरणाच्या भिंतीवर जाऊन आदळली. डोळे टक्क उघडे, पण तिला दिसत नव्हतं. धडपडत उठली आणि पुन्हा तिथेच आदळली.

आत्याचं आतडं तुटलं. मग ना नोकरी आठवली, ना भाचा. तिने अडसर ओढला, फाटक सताड उघडलं आणि सगळी जनावरं रस्त्यावर आणली.

साहेबांनी जागच्या जागी जप्ती जाहीर केली. पहारेकरी मनापासून खूश झाला. कोपऱ्यावर एक बंदिस्त सरकारी ट्रक उभाच होता, तो लगेच मागे येऊन लागला. नियमाप्रमाणे जप्त झालेल्या गायी टेकडीवरच्या सरकारी गोठ्यात जाणार होत्या, आणि त्यांचं दूध तिथेही खड्ड्यातच जाणार होतं.

आत्या रस्त्याच्या कडेला बसली. आपल्या हाताने आपण सगळं घालवलं, असं तिला झालं. तिने एवढंच विचारलं, "तिथे काय खातील रे?"

"बाहेरून आणलेला सुका चारा. नळाचं पाणी. डॉक्टर रोज तपासतील," साहेब पहारेकऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "शिक्षा आहे ती, बाई."

आत्या त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली.

पहारेकरी गायी मोजायला ट्रकच्या मागे गेला. तेव्हा कुठे साहेब तिच्याजवळ उकिडवे बसले. पहारेकऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने रागावले.

"जन्मात कधी कोणाचं ऐकलं नाहीस, आत्या. नेमकं माझंच कशाला ऐकत बसलीस?"