झाकण

सातवा चमचाही मानेतच तुटला. सुनेने दोन्ही तुकडे आधीच्या तुकड्यांशेजारी ओळीत ठेवले आणि घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजले होते. चार वाजता रुग्णालयाच्या स्वयंपाकघराच्या मुख्य बाई येणार होत्या. चमचा गरम सुपात बुडवून त्या स्वतः वाकवून बघणार होत्या. टिकला तर रोज चारशे चमचे. नाही टिकला तर ही खोली कुणाला तरी गोदामासाठी द्यायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

चमचा दिसायला गोजिरा होता, सायीच्या रंगाचा. मक्यापासून केलेलं, मातीत विरून जाणारं प्लॅस्टिक, आणि त्यात समोरच्या बेकरीतून आणलेल्या अंड्यांच्या टरफलांची भुकटी, शंभरात तीस भाग. नुसतं प्लॅस्टिक सुपात मऊ पडायचं. भुकटीमुळे त्याच्या अंगात हाड यायला हवं होतं. येत होती ती चीर.

दाराबाहेर खुर्ची टाकून सासरे बसले होते. खोली त्यांची, आतली पिठाची गिरणीही त्यांचीच; बेचाळीस वर्षं चालवलेली. तिच्यात टरफलं पडली त्या दिवसापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. बोलणं सुरू होतं, पण बाहेरून.

"कितवा?"

"सातवा, बाबा."

"तरी बरं, जिन्याच्या पायऱ्या करत नाहीस."

सून गिरणीकडे वळली. धुऊन, भट्टीत वाळवलेली टरफलं तिने गिरणीत ओतली. गिरणी घरघरली, खालच्या डब्यात पांढरीशुभ्र भुकटी पडली. शेवटचा कण पडतो न पडतो तोच तिने झाकण दाबून बसवलं आणि कडेने चिकटपट्टी गुंडाळली. हा तिचा नेम. तीन वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

"झाकण लगेच का लावलंस?"

"हवेतली ओल बसते ना. ओल राहिली की प्लॅस्टिकमध्ये बुडबुडा धरतो, आणि तिथंच तुटतं."

"रोज असंच लावतेस?"

"रोज. एक क्षण उघडं ठेवत नाही."

बाहेर खुर्ची करकरली. मग गुडघ्यांवर हात रोवून सासरे उठले आणि उंबरा ओलांडून आत आले. सून हातातली पट्टी धरून तशीच उभी राहिली. त्यांनी डब्याच्या पोटाला तळवा लावला, तापातल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा, आणि लावूनच ठेवला. चांगली पाच-सात मिनिटं.

"आता काढ झाकण."

झाकणाच्या आतल्या अंगाला मोहरीएवढे थेंब जमले होते.

"बाहेरून कशाला येतेय ओल? ही त्याच्या पोटातलीच," ते म्हणाले. "दळलेलं गरम असतं पोरी. वाफेला जायला वाट नको? गिऱ्हाईक घाई करायचं, गरम पीठ डब्यात कोंबायचं, आणि चार दिवसांनी गाठी घेऊन माझ्याशी भांडायला यायचं. कालचा डबा दे बरं इकडे."

कालच्या डब्यातली चिमूट त्यांनी अंगठ्याखाली चोळली आणि बोट तिच्यापुढे धरलं. बोटावर एक बारीकशी गोळी उरली होती.

"दोनदा चाळून भरलं होतं, बाबा."

"चाळणी काय करणार? गाठ नंतर झाली. आणि तिला विचारून उपयोग काय, तिच्या अंगी सगळी भोकंच."

या वेळी सून हसली. हसता हसता तिने डोळे पुसले.

त्यांनी टेबलावर कोरडं कापड अंथरलं, नवी भुकटी त्यावर पसरली आणि तळहाताने फिरवू लागले, कडेकडून मध्ये, मधून कडेला. घड्याळाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. तिने आपला हात त्यांच्या हातामागून फिरवायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने त्यांनी चिमूटभर भुकटी गालाला लावून पाहिली.

"निवलं. आता घाल तुझ्या चमच्यांच्या यंत्रात."

बाई बरोबर चारला आल्या. सोबत थर्मासात सूप होतं. नवा चमचा त्यात बुडवून त्यांनी मनात साठ आकडे मोजले, मग तो थर्मासाच्या कडेला दाबला. मान जराशी वाकली आणि सोडताच सरळ झाली. त्यांनी पुन्हा दाबली. मग चमचा तोंडात घातला आणि दातांत घट्ट धरून ओढला.

"माझे पेशंट असंच करतात," बाई म्हणाल्या. "हात थरथरतात बिचाऱ्यांचे, मग दात आवळतात." चमचा पुसून त्यांनी पिशवीत टाकला. "सोमवारपासून पाठवा. भुकटी कोण करतं हो तुमची?"

"दळते मी," सून म्हणाली. "निववतात बाबा."

बाईंनी आतल्या बाजूला मान वळवली. टेबलाशी म्हातारे पुढचा घाणा पसरत होते, कोपरापर्यंत पांढरे झालेले. शेजारी डबा उघडाच होता, आणि त्याच्या झाकणावर त्यांनी आपला चहाचा कप ठेवला होता.