हिरवं पाणी

उद्यमबागेतल्या ज्या कारखान्यात माझे वडील निकेलचा मुलामा चढवायचे, तिथंच मी आता सांडपाणी शुद्ध करतो. आज आमच्या घरामागच्या नाल्यात कारखान्याचं पाणी पहिल्यांदा नितळ आलं. आईला कधी सांगतो असं झालेलं. घरी आलो, तर ती मागच्या दारात बसलेली आणि तवा अजून खिळ्यालाच.

“आये, भाकरी न्हाय केलीस?”

“सुटलास व्हय?” ती दचकली.

“कवाच! पाणी बघितलंस न्हवं? चुना घातला की विरघळलेलं निकेल सगळं तळाला बसतंय.”

“लई बेस झालं रं.” ती नाल्याकडंच बघत होती. “तुझ्या आप्पांची पाळी संपली की कारखान्यातली टाकी नाल्यात सोडायचे. हिरवं पाणी दिसलं की मी तवा ठेवायची, ते दारात येईस्तोवर भाकरी फुगायची. ते गेले, तरी रोज त्या पाण्यावरच तवा चढायचा बघ. आज वाट बघत बसले, कळलंच न्हाय.”

तिनं तवा चढवला.

रोज आमच्याकडं आप्पांच्या वाटणीची एक भाकरी उरायची. आज उरली नाही.