खिडकीजवळची खुर्ची

रुचिताने काचेचं दार ढकललं आणि आत नजर फिरवली. एकही खुर्ची रिकामी नव्हती. ऑनलाइन मुलाखतीला बारा मिनिटं उरली होती. बोईसर स्टेशनजवळचा हा पहिला मजला म्हणजे कुणीही यावं, टेबल धरावं आणि लॅपटॉप उघडून आपापलं काम करावं, अशी सोयीची जागा. आज मात्र तिथे जत्रा भरली होती.

चूक तिचीच. आज शुक्रवार. बोईसरला कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी, विजेची दुरुस्तीही नेमकी शुक्रवारीच निघते, आणि मग घरून काम करणारी सगळी मंडळी इथल्या इन्व्हर्टरच्या आश्रयाला येतात. हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक. पण हिला कुठून ठाऊक असणार? ही बाई दोन वर्षं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतेय. आठ दिवस दापोली, आठ दिवस दीव. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, ती पाठवून दिली की पुढची गाडी पकडायची. आजही ती डहाणूहून निघाली होती. संध्याकाळची मुलाखत अचानक सकाळी अकरावर आली, म्हणून मध्येच उतरली.

हिंडण्यात मजा होती, खोटं कशाला बोला? पण त्यापायी दोन चांगली कामं हातची गेली होती. तुमचा काही ठिकाणा नाही हो, असं दोघांनीही गोड शब्दांत ऐकवलं होतं. पुण्याच्या या कंपनीने तर आधीच लिहून कळवलं होतं की कामाची ठरलेली जागा हवी. काम वर्षभराचं होतं आणि तिला ते मनापासून हवं होतं. म्हणून तिने सरळ थाप मारायचं ठरवलं होतं. कोथरूडच्या मैत्रिणीचा पत्ता सोसायटीच्या नावासकट पाठ करून ठेवला होता.

तेवढ्यात तिला खिडकीजवळची खुर्ची दिसली. रिकामी. मागे एकदा चार दिवस बोईसरला होती तेव्हा रुचिता रोज तिथेच बसायची. आता तिथल्या टेबलावर एक बांबूची टोपली पालथी घातलेली होती.

जागेचा मालक कमलेश. तिने त्याला विचारलं, तर तो कानकोंडा झाला. ती जागा एका बाईंची आहे म्हणाला. कधी येणार त्या? येतील, म्हणाला. हे उत्तर देऊन देऊन तो कंटाळलेला दिसत होता. शेवटी त्याने आवाज खाली आणला, तुम्हीच विचारून बघा म्हणाला, आणि चहाच्या कट्ट्याकडे बोट दाखवलं.

कट्ट्यावर रंभाबाई होत्या. मूळच्या शिरगावच्या. तीस वर्षं बोईसरच्या बाजारात त्यांनी मासळी विकली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा बाजारातली जागा सुनेला दिली आणि इथे चहापाणी, झाडलोट बघायला आल्या. मालक कमलेश असला तरी राज्य त्यांचंच होतं.

रुचिता धावतच त्यांच्यापुढे उभी राहिली. रस्त्यावरच्या धुळीसाठी डोक्यातोंडाला गुंडाळलेला स्कार्फ सोडायचंही तिला सुचलं नाही.

“मावशी, तासाभराचा प्रश्न आहे. मी आधीही येऊन गेलेय इथे.”

“येऊन सगलेच जातात,” रंभाबाई म्हणाल्या. “ती बाई वस्तू ठेवून गेलीय. म्हंजे ती येणार.”

मग त्यांनी बाजाराची रीत सांगितली. प्रत्येकीची बसायची जागा ठरलेली. कुणी माहेरी गेली, आजारी पडली, तरी तिच्या जागेवर दुसरी बसत नाही. शेजारीण टोपली पालथी घालून ती जागा राखते, महिना लागो की दोन महिने. रुचिताचा आता तोल सुटला. हा काही मासळीबाजार नाही, इथे जो आधी येईल तो बसतो, ती फणकाऱ्याने म्हणाली. रंभाबाईंना ते झोंबलं. तरातरा खिडकीपाशी गेल्या आणि पुरावा दाखवायला त्यांनी टोपलीच उचलली.

खाली पाण्याची एक निळी बाटली होती. घासूनपुसून लख्ख केलेली. बाटलीवर पांढऱ्या रंगात एक तिरळा खेकडा काढला होता, आणि असला तिरळा खेकडा या जगात एकच बाई काढायची. ही बाटली गाडीत विसरली असं समजून रुचिताने दीवला दुसरी विकत घेतली होती.

तिने हळूच स्कार्फ सोडला.

रंभाबाईंनी तिला नीट न्याहाळलं. त्यांना ना नवल वाटलं, ना कौतुक. सासरहून उशिरा आलेल्या लेकीवर करवादावं तशा त्या म्हणाल्या, “किती दिवस लावलेस गो. बस आता. चाय आनते.”

रुचिता बसली. तिला एकदम हसूही आलं आणि रडूही. दोन वर्षांत ती कितीतरी गावांतून निघाली होती, आणि मागे कुणी आपली वाट बघत असेल असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. तिने डोळे पुसले आणि लॅपटॉप उघडला.

बरोबर अकराला पडद्यावर चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. नमस्कार झाला आणि त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, तुमची कामाची ठरलेली जागा कोणती? कोथरूडचा पत्ता रुचिताच्या जिभेवर तयार होता.

“बोईसर,” ती म्हणाली. “स्टेशनजवळ, पहिला मजला, खिडकीपाशी.”

बाईंनी समोरच्या कागदावर नजर टाकली. तुम्ही तर फार फिरता असं आमच्या कानावर आलंय, त्या म्हणाल्या. मग तुम्ही नसता तेव्हा त्या जागेचं काय?

“मी परत येईपर्यंत तिथे कुणाला बसू देत नाहीत,” रुचिता म्हणाली.